तिथले सात, इथले साडेअकरा

वडगावात रात्री साडेअकराला
आमच्या बोळात चार माग चालू असतात,
त्यातला एक माझा.
पूर्वा कांड्यांच्या पोत्यावर बसते
मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून.
स्वीडनमध्ये तेव्हा सात वाजलेले असतात
आणि वीगो नावाचं एक पोरगं बर्फावर उतरतं.
सतरा वर्षांचं. सेंटर.

निवेदन आम्हाला कळत नाही.
कळलं असतं तरी धोट्याच्या खडखडाटात
ऐकू आलं नसतं.

पहिल्या हिवाळ्यात तो चौथ्या फळीत होता.
चार मिनिटं खेळायचा, उरलेला वेळ बाकावर
हातमोज्याची शिवण चावत.
पूर्वा म्हणायची, "पप्पा, खालीच बघूलाय बघ.
काठीला काय डोळे फुटल्यात?"
तिलाही सर टिळकवाडीच्या रिंकवर
हेच ओरडायचे, कानडीत:
मेले नोडु, मेले नोडु!
वर बघ. चकती तुझ्याकडंच आहे, ती पळत नाही,
पळतात ती माणसं.

मी वही घातली. सुताच्या हिशेबाचीच,
पण मागच्या पानाकडून उलटी.
तो उन्हाळ्यात चार बोटं वाढला.
ही दीड बोट, बूट तेच, अंगठ्याशी कापलेले.
तो मधल्या ठिपक्यावर अकरा वेळा वाकला, चार जिंकल्या.
ही सिमेंटवर सात वेळा, जिंकल्या सहा
(समोर अनगोळची पोर होती, तापातून उठलेली).
हिच्या बेअरिंगला मागाचं तेल.
त्याच्या पात्याला काय लावतात, माहीत नाही.

जानेवारीत त्याची हासळी मोडली.
सात आठवडे नुसती बाकीची पोरं.
पूर्वा तरी बसायचीच.
"तो नसताना मधे कोण उभारतंय बघूया की."

परत आला तो हळू होऊन.
हळू म्हणजे कमी नव्हे.
धोटा ताण्यातून पार होईपर्यंत
फणी मागं थांबते, तसा.
चकती आली, त्यानं घेतली
आणि काहीच केलं नाही.
समोरचे दोघं न राहवून त्याच्याकडं सरकले
आणि डावीकडं एक दार उघडलं,
त्यातून भलताच कुणीतरी आत शिरला.
गोल त्या भलत्याच्या नावावर लागला.
वीगोनं काठी बर्फावर दोनदा आपटली, बस्स.

मी माग बंद केला.
आमच्याकडं माग मधेच थांबला
की भिंतीपलीकडून विचारतात,
"तार तुटली काय गा?"
"नाही," म्हटलं, "पास दिला."

मार्चमध्ये हुबळीला निवड.
अर्जात मातृभाषेचा रकाना होता एवढासा.
तिनं दोन्ही लिहिल्या, बारक्या अक्षरात,
दुसरी चौकटीबाहेर गेली.
मग उतरली मधोमध.
तीन गोल झाले, तिन्ही दुसऱ्यांचे,
तिन्ही हिच्या काठीतून सुटलेले.
यादीत मारणाऱ्या दोघींची नावं.
सर एका साहेबाशी बोलायला गेले
आणि चष्मा पुसत परत आले.

बसमध्ये धारवाड गेलं, कित्तूर गेलं,
ती गप्प.
मी शेंगांची पुडी पुढं केली, घेतली नाही.
हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याला म्हणाली,
"पप्पा, त्यालाही घेतलं नाही मोठ्या संघात.
यंदा नाही म्हणे."
वर्गात आपल्याबरोबर मागं राहिलेल्या
मैत्रिणीचं नाव घ्यावं, तसं म्हणाली.

एप्रिल लागला. मी साडेअकराला तेलाचा डबा सरकवला,
पोत्यावर जागा केली.
ती कधीचीच बसलेली, सामना संपत आलेला.
तिथं घड्याळ पुढं ढकलतात म्हणे मार्चअखेर.
आता तिथले सात म्हणजे इथले साडेदहा.

"एक तासानं जवळ आला," पूर्वा म्हणाली,
मान वरच ठेवून,
आणि न बघता एकेक बेअरिंग
रॉकेलच्या वाटीत सोडत राहिली.